गोळीचा वड

“ही छिन्नी तुमचीच का, मिस्त्री?”

मी दगडावरून मान वर केली. पन्नाशीच्या एक बाई पाण्याची कळशी खाली टेकवून माझ्या पुढ्यातील गोणपाटापाशी बसल्या होत्या. कपाळ मोकळे, मनगटे मोकळी, अंगावर विटलेले लुगडे. गोणपाटावर मी ओळीने मांडलेल्या हत्यारांपैकी एक त्यांनी उचलले होते व त्याचा दांडा त्या अंगठ्याने पुसून पुसून पाहत होत्या.

“माझीच की, आक्का. जपून धरा, कालच धार लावून आणलीया.”

“आन् ह्या रेघा कसल्या?”

“ती आमच्या घराची खूण. तीन उभ्या रेघा आन् खाली टिंब.”

“म्हंजी दुसऱ्या कुणाच्या हत्यारावर नसती?”

“कशी असंल? लोहाराच्या भट्टीवर पन्नास जणांच्या छिन्न्या येऊन पडत्यात. ज्याची त्याला वळखू यावी म्हणून घराघराची खूण येगळी.” मला बोलण्याची हौस फार. मी पुढे सांगू लागलो, “आमच्या वडलांच्या छिन्नीची तर आणखी मजा. लग्नाच्या सालात नवी घडवली, खूण पाडताना आईला धरायला लावली. आईला हसू आलं, हात हालला. तिसरी रेघ तिरपी गेली ती गेलीच.”

बाई हसल्या नाहीत.

“वडील कुठं असत्यात?”

“कामावर गेल्यात,” मी म्हणालो.

त्यांनी छिन्नी खाली ठेवली. उठताना त्यांचा तोल गेला म्हणून मी हात पुढे केला, तर तो त्यांनी धरला नाही. “ऊन लागलं,” एवढेच पुटपुटून त्या गावाच्या वाटेला लागल्या. कळशी तेथेच राहिली.

ही हकिकत स्वातंत्र्यास पंचवीस वर्षे पूर्ण झाली त्या सालची होय. माझे वय तेव्हा अडतीस होते. मी हणमंत यल्लाप्पा धोत्रे, धंद्याने पाथरवट, शिक्षण मराठी चौथी. पुढील शिक्षण दगडांवर झाले असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही; कारण कोनशिला, समाध्या व मैलांचे दगड कोरता कोरता मी पुष्कळ अक्षरे व पुष्कळ मोठे शब्द हस्तगत केले. त्या वर्षी रस्तोरस्ती स्मारके उभारण्याचे काम निघाले होते, त्यांपैकी हिवरटेक फाट्यावरील दगड माझ्याकडे आला होता.

फाट्यावर नदीच्या काठाला एक विशाल वटवृक्ष होता. त्याच्या बुंध्यात, पुरुषभर उंचीवर, बोट जाईल एवढे भोक होते. बेचाळीस साली कचेरीवर निघालेला मोर्चा पोलिसांनी या जागी अडवला व गोळीबार केला, त्यातील एक गोळी वडात शिरली आणि एक रंगराव दाजी खराडे यांच्या छातीत. तेव्हापासून एस. टी. चे कंडक्टरही तेथे “गोळीचा वड! गोळीचा वड! उतरा!” असेच ओरडत. शाळेला रंगरावांचे नाव, तालमीला रंगरावांचे नाव. धाकटे बंधू आनंदराव, ज्यांना सारे आण्णा म्हणत, ते पंचायत समितीचे सभापती झाले होते.

“ती बाई कोण ठावं हाय का?” वडाखालील चहाच्या टपरीवरून पैगंबर तांबोळी म्हणाला. “हुतात्म्याची मालकीण. सगुणाबाई. आजवर तिनं हितं कुणाशी दोन शब्द बोललेलं मी ऐकलं न्हाई. तुला कसं काय पाणी घिऊन आली?”

“माझं अक्षर बघाया आली आसंल.”

“व्हय. तुझ्या तोंडाकडं बघून तर कोण येणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी, म्हणजे उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, माझ्या हातून ती चूक घडली.

दगड उभा आणि अरुंद होता. नाव लांब असल्याने त्याच्या आधीचे अक्षर मी वरच्या ओळीत मधोमध घेतले आणि सकाळच्या थंड वेळेत खोल व सुबक कोरून काढले. खाली नाव, त्याखाली ‘हे दि. २८ सप्टेंबर १९४२ रोजी या वडाखाली गोळी लागून हुतात्मा झाले’ हा मजकूर. शेवटचा कण झाडून मी मागे सरलो, तोच पैगंबर कमरेवर हात ठेवून म्हणाला,

“मिस्त्री, मला वाचाया कमी येतं. पर जित्या माणसाला लावत्यात ते अक्षर मेलेल्याला लावलंस का काय?”

मी पाहिले. दगडाच्या माथ्यावर स्पष्ट अक्षरांत ‘श्री.’ असे होते. त्यापुढील टिंबसुद्धा मी मोठ्या प्रेमाने गोल केले होते.

ही चूक दुसऱ्या कोणा पाथरवटाच्या हातून झाली नसती, माझ्याच हातून व्हायची होती. त्याचे कारण सांगितले पाहिजे. मी आठ वर्षांचा असताना आमचे वडील कुठल्याशा सडकेच्या कामावर म्हणून एकटे गेले ते परतले नाहीत. कंत्राटदार म्हणाला, गडबडीच्या दिवसांत तो काम टाकून कुठे निघून गेला. शाळेत मास्तरांनी माझ्या पाटीवर वडिलांच्या नावामागे ‘कै.’ लिहून दिले. ते काय आहे हे आईला कळताच ती हातातील हातोडीसह शाळेत आली आणि साऱ्या वर्गासमक्ष म्हणाली, “मास्तर, माझ्या नवऱ्याला पेनशिलीनं मारता व्हय? कामावर गेल्यात ते. श्री लावा.” मास्तरांनी लावले. मीही जन्मभर लावत आलो. ज्याची वाट पाहायची त्या माणसाच्या नावामागे माझा हात आपोआप ‘श्री.’ कडेच वळे. मी कुठलेही काम संपवून घरी गेलो की कपाळावर रुपयाएवढे कुंकू लावलेली आई दारातच विचारी, “तिकडं कोण घावलं का?” मी म्हणे, “न्हाई.” ती म्हणे, “घावंल.”

अर्ध्या तासात आण्णांची जीप आली. त्यांनी खाली उतरण्यापूर्वीच वाचले.

“कोण रे तू? माझ्या थोरल्या भावाला जित्ता केलास व्हय?”

“चूक झाली, आण्णासाहेब.”

“चूक? उद्या कलेक्टरसाहेब येणार, आमदार येणार! श्रीयुत रंगराव खराडे गोळी लागून हुतात्मा झाले! लोकं इचारतील, मग घरी कवा आले?”

पैगंबरला हसू आवरेना म्हणून तो किटली घेऊन मागे वळला.

“उद्या सकाळच्या आत ते अक्षर गेलं पायजे. दगड बदल, न्हाईतर तू बदल. काय ते कर.”

जीप गेली. मी दगडापुढे बसून राहिलो. कोरलेले अक्षर खोडता येत नाही. आजूबाजूचा सारा दगड तेवढा खाली उतरवावा लागतो, आणि तेवढी जाडी त्यात नव्हती. दुपारी पैगंबर जेवायला गावात गेला. वडाखाली मी एकटाच होतो. तेवढ्यात सगुणाबाई आल्या. काखेत फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते.

“आण्णा घरी येऊन वरडत हुता,” त्या म्हणाल्या. “मिस्त्रीनं श्री लावलं म्हणं. कंचं ते? मला दावा.”

मी दाखवले. त्यांनी पुढे होऊन तर्जनी त्या अक्षराच्या खोबणीत घातली आणि सावकाश, अगदी टिंबापर्यंत फिरवली. मग तेथेच खाली बसल्या.

“तुमी ठरवूनच आलासा.”

“काय ठरवून, आक्का?”

“आता कशाला येड पांघरता? काल बापाच्या छिन्नीची गोष्ट काढली. आज माझ्या मालकाला श्री लावलं. दोन्ही ठावं असणारं माणूस उगंच हितं येऊन बसंल का? तीस वर्सं मी वाट बघतीया, कोणतरी येईल आन् इचारंल. इचारा आता.”

मला काहीएक समजले नव्हते. परंतु त्यांच्या मुद्रेकडे पाहून ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या बोलत गेल्या.

“माझं मालक गोळीनं मेलं न्हाईत. गोळ्या सुटल्या तसं त्येंनी नदीत उडी टाकली. पूर हुता. पार खालच्या अंगाला निघालं आन् ज्वारीतनं घरला आलं. सासूनं धान्याच्या कणगीत दडवलं. पोलीस रोज यायचं, सासऱ्याला मारायचं, म्हणायचं रंगरावला काढा. तिसऱ्या दिशी फौजदारानं मला नदीवर बलावलं. बाभळीला एक मानूस अडाकलं हुतं. तोंड वळखू यीना, छातीत गोळी. फौजदार म्हणाला, बघ, ह्यो तुझा नवरा का?”

“मग?”

“मग काय. नवरा कणगीत बसलेला. मी म्हणलं, व्हय.” त्यांनी आपली मनगटे एकमेकांवर ठेवली. “परक्या माणसाच्या अंगावर मी बांगड्या फोडल्या, मिस्त्री. कुंकू पुसलं. फौजदारानं टोपी काढली. आमच्याच शेतात त्येला अग्नी दिला. तेराव्याला गाव जेवलं. त्येचं सगळं झालं. नाव तेवढं दुसऱ्याचं झालं.”

“आणि रंगराव?”

“पेरणीच्या दिसांत रातोरात कानडी मुलखात गेलं. म्हणालं, सवराज्य आलं की येतो. अठ्ठेचाळीस साली आलं बी. ह्याच वडाखाली इवून बसलं. एका पोराला इचारलं, ह्ये झाड कशाचं? त्यानं सांगितलं, हुतात्म्याचं. शाळा दावली, ह्ये मला मागनं कळलं. मी गवताचा भारा घिऊन तिकडनं येत हुते. त्येंनी मला बघितलं. माझं कपाळ बघितलं. मी डोईवरचा भारा खाली ठिवला न्हाई. ते उठलं आन् आल्या वाटंनं गेलं. आता तिकडं दुसरी आसंल, नातवंडं आसत्याल. सासू-सासरं मेल्यावर ह्ये ठावं असणारी मी एकटीच. आण्णा तवा लहान हुता. त्येच्यासाठी भाऊ मेलाच.”

माझ्या चुकीच्या अक्षराने खरे बोलून टाकले होते, हेच नवल माझ्या डोक्यात मावत नव्हते. त्यापुढेही काही असेल अशी मला कल्पनाच आली नाही.

“आक्का, मी काही ठरवून आलो न्हाई,” मी म्हणालो. “सवयीनं हात गेला. तुमचं गुपित माझ्यापाशी राहील.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“मंग तुमाला बापाचं ठावं न्हाई?”

“बापाचं काय?”

काखेतील फडके त्यांनी जमिनीवर ठेवले आणि गाठ सोडली. तेलाने काळे पडलेले फडके होते. त्यात दुसरे फडके. त्यात एक आखूड, अठपैलू छिन्नी. माथा हातोड्याच्या घावांनी फुलासारखा पसरलेला.

“त्या माणसाच्या कमरंला धोतरात खोवलेली हुती. माझा नवरा शेतकरी. फौजदारानं बघितली असती तर म्हणला असता, शेतकऱ्याच्या कमरंला छिन्नी कशी? म्हणून रडताना मी अंगावर पडले आन् काढून घेतली. पुलाच्या कठड्याचं काम चाललं हुतं तवा हितं. त्या कामावरचं कोणतरी मोर्चा बघाया उभं ऱ्हायलं आसंल. पुढं कुणी चौकशीला आलं न्हाई.”

मी ती हातात घेतली. दांड्यावर तीन रेघा होत्या व त्याखाली टिंब होते. पहिली रेघ सरळ होती. दुसरी सरळ होती. तिसरी तिरपी होती.

त्या वेळी मला काय वाटले हे लिहिण्यासाठी मी अनेकदा शब्द शोधले. मोठमोठे शब्दही योजून पाहिले. परंतु खरे सांगायचे तर मला काहीच वाटले नाही. माझे कान बंद झाले. समोर एक ट्रक गेला, त्याची धूळ आली, पण आवाज आला नाही. मी वडाकडे चालत गेलो आणि बुंध्यातील भोकात बोट घातले, एवढे मला स्मरते. ते का केले ते सांगता येत नाही.

मागून सगुणाबाईंचा आवाज आला. “नाव काय हुतं त्येंचं?”

“यल्लाप्पा.”

“यल्लाप्पा,” त्या म्हणाल्या. “दर पितरपाटाला ह्या वडाच्या बुडाशी पान ठिवती. नाव ठावं नव्हतं. नुसतं वडाखालच्याला म्हणून ठिवती.” मग, “आई हाईत?”

“हाय.”

“कुंकू?”

“लावती.”

“आजून?”

“आजून. रोज सकाळी. कामावर गेल्यात म्हणती.”

सगुणाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. तीस वर्षांपूर्वी परक्यावर मोठ्याने रडलेली ती बाई त्या दिवशी अजिबात आवाज न करता रडली. पुष्कळ वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि ताठ बसल्या.

“ह्यो दगड तुमच्या बापाचा हाय, मिस्त्री. उद्या कलेक्टरम्होरं सांगायचं तर सांगा. आण्णाची सभापतकी जाईल, शाळंचं नाव जाईल, गाव माझ्या तोंडावर थुकंल. मी न्हाई म्हणणार न्हाई. शेजारी येऊन उभी ऱ्हाईन आन् व्हय म्हणंन. तवा खोटं व्हय म्हणलं, आता खरं म्हणंन.”

एवढे बोलून त्या गेल्या.

मी दगडापुढे बसलो. माझ्या हातात वडिलांची छिन्नी होती. ‘रंगराव दाजी खराडे’ ही अक्षरे तासून तेथे ‘यल्लाप्पा तिम्मा धोत्रे’ कोरावे असे माझ्या मनाने घेतले होते, हे मी लपवीत नाही. दगडाला जाडी नसली तर नसो. फुटला तर फुटो. मी हातोडा उचललाही. परंतु ते नाव दगडावर उमटले की घरी काय घडेल ते मला दिसू लागले. भावकीतील बाया येतील. आईला पाटावर बसवतील. कोणीतरी ओल्या बोटाने तिचे कपाळ पुसेल. ज्या बाईने मास्तरांच्या पेन्सिलीपासून नवऱ्याला वाचवले होते, तिच्यासमोर तिचाच मुलगा त्याला छिन्नीने मारून घरी नेणार होता.

मी हातोडा खाली ठेवला. नंतर पुन्हा उचलला.

‘श्री’ पुढील टिंब मी लांबवून त्याचा दंड केला. त्याच्याजवळ आणखी एक दंड पाडला व अलीकडच्या बाजूस दोन. माथ्यावर आता ‘॥ श्री ॥’ असे झाले. त्यानंतर दगडाच्या उजव्या तळाशी, जेथे गवत येते, तेथे वडिलांच्या छिन्नीने तीन रेघा व एक टिंब कोरले. तिसरी रेघ मी तिरपी पाडली. मग अंगठ्याने तिच्यातील धूळ पुसून काढली.

सकाळी आण्णा आले. त्यांनी मान तिरकी करून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. “हां! आता कसं देवाचं झालं. डोकं हाय रे तुला!” त्यांनी खालची खूण पाहिली. “ह्ये काय?”

“आमच्या घराची खूण, आण्णासाहेब. काम करणाऱ्याची.”

“असू दे, असू दे.”

कलेक्टरसाहेबांनी पडदा ओढला. पैगंबरने सर्वांना चहा दिला. सुवासिनींना पुढे बोलावण्यात आले व त्यांनी दगडाला हळदकुंकू वाहिले. सगुणाबाई रीतीप्रमाणे मागे उभ्या होत्या. गर्दी भाषणांकडे वळल्यावर त्या एकट्याच दगडापाशी आल्या. वरील नावाकडे त्यांनी पाहिले नाही. खाली वाकून तिसऱ्या रेघेवर त्यांनी एक झेंडूचे फूल ठेवले, आणि माझ्याकडे पाहून हात जोडले. मीही जोडले. तदनंतर आमची भेट झाली नाही.

घरी पोहोचलो तेव्हा आई अंगणात बसली होती.

“तिकडं कोण घावलं का?”

“न्हाई,” मी म्हणालो.

“घावंल.”

मी पाय धुण्यास मागील दारी गेलो. बोथट झालेल्या छिन्न्या निवडून लोहाराकडे पाठवण्यासाठी वेगळ्या काढणे हे आईचे नेहमीचे काम होते, ते त्या दिवशी माझ्या डोक्यातूनच गेले. परत आलो तो पिशवी उपडी केलेली होती. आईच्या मांडीवर तेलकट फडके होते आणि हातात ती आखूड छिन्नी. ती छिन्नीकडे पाहत नव्हती. डोळे समोर लावून अंगठ्याच्या पेराने ती दांडा चाचपत होती. एक रेघ. दुसरी. तिसरी.

“ही कुणाची रं?” तिने विचारले.

“माझीच, आये.”

तिने अंगठा तसाच त्या रेघेवर ठेवला.

“बरं,” ती म्हणाली.

तिने छिन्नी पुन्हा फडक्यात गुंडाळली, गाठ मारली आणि आत नेऊन आपल्या कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाहिले, तर आरशापुढे बसून ती रोजच्याप्रमाणे मेण लावून त्यावर कुंकू रेखत होती. तसूभरही लहान नाही, तसूभरही मोठे नाही.

त्यानंतर आई अकरा वर्षे जगली. सवाष्ण म्हणून हिरव्या लुगड्यात, भरल्या कपाळाने गेली. त्या अकरा वर्षांत मी शेकडो कामे केली आणि शेकडो वेळा त्या दारातून आत आलो. तिने पाणी दिले, जेवू घातले, हत्यारे निवडली. तिकडे कोणी सापडले का, हे मात्र तिने पुन्हा एकदाही विचारले नाही.